सत्तूर माझ्याच हातात राहणार

३ मार्च, सोमवार

सुरुवातीलाच माफी मागते. शुद्धलेखन कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सगळं शाळेतच सोडून आले. आणि टाईप करायला जाम वेळ लागतो, कारण डावा अंगठा बँडेजमध्ये आहे आणि उजव्याला कोंबडीची चरबी. बोट घसरतं. माफी कोणाची मागते ते माहीत नाही, वाचणारी मी एकटीच. पण मागून ठेवलेली बरी.

हार्मोनवाल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रोज कसं वाटतं ते लिहीत जा, पुढच्या वेळी मला दाखव. लिहीन. दाखवणार नाही.

आजार असा. गळ्यातली थायरॉईड आळशी झालीय. आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अ‍ॅड्रीनल, त्यांनी तर कामच बंद केलंय. मॅडम म्हणाल्या, तुझं शरीर तुझ्याच ग्रंथींवर हल्ला करतंय. आई रडायला लागली. मला उलट बरं वाटलं. जन्मभर सगळे मला मुखदुर्बळ म्हणत आले, आणि आत बघा केवढी मारामारी चालू आहे.

गोळ्या दोन. थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी. स्टेरॉईडची सकाळी आणि दुपारी, खाऊन. मॅडमनी बजावलं की स्टेरॉईड एक दिवसही चुकवायची नाही, ताप-उलटी झाली तर ती दुप्पट घ्यायची, आणि थायरॉईडची आपल्या मनाने वाढवायची नाही. आईने मान डोलावली. मीही डोलावली. मॅडमसमोर माझं बोलणं तेवढंच.

काम: मामाचं चिकनचं दुकान. नववीत शाळा सोडली, कारण तिथे उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे. इथे वाचायचं नसतं, तोडायचं असतं. मागच्या खोलीत लाकडी ओंडका, त्याच्यासमोर मी, हातात सत्तूर. पुढे काउंटरवर मामाचा मुलगा. त्याला सगळे हिरो म्हणतात, कारण पिशवी देण्याआधी तो केस सारखे करतो. गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलतो. सत्तूर धरता येत नाही.

मागच्या महिन्यात तोडता तोडता मला डुलकी लागली. अंगठ्याचं बँडेज त्याचंच. मामाने सांगून टाकलंय, आणखी एकदा काही झालं तर सत्तूर हिरोकडे आणि तू घरी, आईजवळ.

निश्चय: सत्तूर माझ्याच हातात राहणार. त्यासाठी कोणाची मुंडी मुरगळावी लागली तरी चालेल. (कोंबडीची सोडून. ते मामाचं काम.)

६ मार्च, गुरुवार

गोळ्या लागू पडतायत. सकाळी स्वतःहून उठले. क्रेटवर बसून झोपले नाही. मीठही कमी खाल्लं, आधी मी मिठाच्या बरणीत बोट घालून चाटायची, मामी ओरडायची.

दुपारी हिरो मागे येऊन म्हणाला की आज ओंडक्यावर कोंबडी आहे की तूच पडलीयेस. मला सणसणीत उत्तर सुचलं. संध्याकाळी, घरी, भांडी घासताना. फार भारी उत्तर होतं. भांड्यांना दिलं.

८ मार्च, शनिवार

विचार केला. एका गोळीने माणूस झोपेतून उठतो. दोन गोळ्यांनी उठून काय करेल? हे असलं गणित शाळेत शिकवलं असतं तर मी शाळा सोडली नसती.

आजपासून थायरॉईडच्या दोन. मॅडमना त्रास द्यायला नको, त्यांच्या बाहेर केवढी गर्दी असते. स्टेरॉईड आहे तशीच. मी काही वेडी नाही.

१७ मार्च, सोमवार

कालचा रविवार!! लिहायला वेळच नव्हता, हात थांबतच नव्हता.

रांग पार पंक्चरवाल्यापर्यंत. मी मागे धडाधड तोडत होते. एक घाव, एक तुकडा. हाडाचे कपचे भिंतीवर उडत होते. ओंडक्याचा एक कोपराच निघाला. मामा दोनदा डोकावून गेला, म्हणाला की हळू, कोंबडी आधीच मेलीय. कौतुकाने म्हणाला.

मग हिरो आला आणि म्हणाला, तुकडे लहान-मोठे होतायत, गिऱ्हाईक बोंबलतंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्रीजरमधली दगड झालेली कोंबडी उचलली आणि त्याच्या बरगडीत घातली. तो क्रेटवर, क्रेट खाली, खालच्या क्रेटमधल्या कोंबड्या जिवंत होत्या, त्या सगळ्या दुकानभर. एक काउंटरवर चढली. मामी झाडू घेऊन पुढे, मामा मागे. हिरो बरगडी धरून म्हणत होता, हिने मला मारलं, पप्पा, हिने मला मारलं, हिने!! कोणाचाच विश्वास बसत नव्हता. माझाही.

आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मारलं. रात्री छाती इतकी धडधडत होती की उशीतून आवाज येत होता. आनंदाने होत असणार.

१९ मार्च, बुधवार

हात थरथरतो. ताकद अंगात मावत नाही म्हणून. घामही फार येतो, सत्तूर सटकतो, मुठीला फडकं गुंडाळलंय.

आज डंबेल आला होता. खरं नाव माहीत नाही, पलीकडच्या जिममध्ये असतो, रोज बिनहाडाचं चिकन नेतो, दंड माझ्या मांडीएवढे. हिरोने त्याला माझ्या गोळ्यांचं सांगितलं. गावभर सांगतो तो. डंबेल म्हणाला की स्टेरॉईड? अरे ते चोरांचं काम, आमच्यात जो घेतो त्याला आम्ही बाहेर काढतो. वरून फुगतो आणि आतून सडतो. चेहरा बघ एकेकाचा, परातीसारखा होतो.

घरी येऊन आरशात पाहिलं. परातच. गेले दोन आठवडे मी परात घेऊन फिरतेय आणि कोणी बोललं नाही. आरशावर पाटा आपटला. पाट्याला काही झालं नाही.

आईने काचा गोळा करताना विचारलं, बाळा, तुला काय होतंय? म्हटलं, काही नाही, हात लागला. तिने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. तिला माझ्या ताकदीची सवय नाही अजून.

निश्चय: स्टेरॉईडची दुपारची गोळी बंद. सकाळची घेईन. मी काही वेडी नाही.

२३ मार्च, रविवार

बर्फवाल्याने लादी दारातच टाकली आणि निघाला. रोजच टाकतो. रोज मी ती गुपचूप ओढत आत नेते. आज मी त्याच्यामागे रस्त्यावर गेले आणि म्हणाले, आत ठेव. तो हसला, म्हणाला अगं तुला तोंड आहे होय. मी सत्तुराच्या पाठीने लादी फोडली आणि एकेक तुकडा त्याला फेकून मारला. एक सायकलच्या घंटीला लागला, टिंग. एक त्याच्या कानाला. तो सायकल टाकून पळाला. पळताना आईबहिणीवरून शिव्या देत होता, मीही दिल्या. मला येतात हे मला माहीत नव्हतं.

मग मामाला स्वतः जाऊन बर्फ आणावा लागला. आल्यावर मामा नुसता ओंडक्याजवळ उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, पोरी, सत्तूर जरा खाली ठेव ना. मी ठेवला नाही. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. धाबं दणाणलंय सगळ्यांचं.

२५ मार्च, मंगळवार

वजन उतरलं. पाय जड. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ओंडका धरून उभी राहते, जाते मग. भूक नाही, फक्त मीठ खावंसं वाटतं. मामीने बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुलूप तोडलं. एका घावात.

२७ मार्च, गुरुवार

आईने मामाचं डोकं खाल्लं म्हणून आज इंजेक्शनची प्रॅक्टिस. मॅडमनी घरी एक इंजेक्शन देऊन ठेवलंय. मी कधी कोसळले तर ते ताबडतोब मांडीत द्यायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. सिस्टरने दाखवलं होतं, म्हणाली होती, आधी संत्र्यावर हात बसवा. मामा म्हणाला, संत्रं कशाला, माझ्याकडे मांड्यांचं दुकान आहे.

म्हणून ट्रेभर तंगड्या काढल्या, सिरिंजमध्ये उकळलेलं पाणी भरलं. मामा पहिलाच. एका दिवसात शेकड्याने कोंबड्या कापणारा माणूस, सुई हातात घेतली आणि कपाळाला घाम. म्हणाला की सुरीचं वेगळं असतं. हिरो मात्र खुशाल टोचत सुटला, धर, टोच, दाब, काढ, एकेक तंगडी टम्म. प्रत्येक तंगडीला विचारत होता, दुखलं का ताई? मामी हसून हसून खुर्चीवरून खाली. मला अजिबात हसू आलं नाही. कारण मला इंजेक्शन लागणारच नाही.

सगळे हसत पुढे निघून गेले. ट्रे तसाच. या दुकानात आवराआवर करायची अक्कल फक्त मला आहे. ट्रे उचलून फ्रीजमध्ये नीट ठेवला.

आणि ठरवलं. स्टेरॉईड आजपासून पूर्ण बंद. चेहरा उतरायला पाहिजे. ताकद कशाने येते ते मला कळलंय, आणि ती गोळी ही नाही.

२९ मार्च, शनिवार

दोनदा उलटी. काल मामीने दिलेला चहा असणार. पोटात कळा. आईने हात लावून पाहिलं, म्हणाली अंग गार पडलंय, गोळी घेतलीस ना? हो म्हटलं. उलटी झाली तर दुप्पट ना, असं ती म्हणाली. दुप्पटच चालू आहे म्हटलं. खोटं नव्हतं ते. थायरॉईडची दुप्पटच आहे.

उद्या रविवार. मामा म्हणाला उद्या घरी थांब. म्हणजे हिरोला ओंडक्यावर उभं करायचा डाव आहे. जाणार. सरपटत जावं लागलं तरी जाणार.

३ एप्रिल, गुरुवार

हॉस्पिटल. हाताला सलाईन आहे, त्यामुळे आणखी हळू टाईप होतंय. रविवारचं जे आठवतं ते लिहिते, बाकीचं आईने सांगितलं.

रांग मोठी होती. मी मागे, भिंतीला टेकून तोडत होते. आई माझ्यामागोमाग दुकानात आलेली. अचानक पुढे आरडाओरडा. डंबेल आला होता, हातात आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी नेलेल्या तंगड्यांची पिशवी. काउंटरवर उपडी केली. ओरडला की ही बघा भोकं! सगळ्या तंगड्यांना सुईची भोकं! पाणी निघालं पातेलंभर! कोंबड्यांना इंजेक्शनं मारून विकतो हा माणूस! मामा म्हणत होता, अहो ऐका, ती आमची घरची भानगड आहे. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, म्हणजे घरी बसून टोचता होय रे मेल्यांनो. कोणीतरी फ्रीजच्या काचेवर लाथ मारली. काच गेली. कोणीतरी मामाची कॉलर धरली. मामी किंचाळली.

त्या तंगड्या विकायला कोणत्या मूर्खाने फ्रीजमध्ये ठेवल्या देव जाणे. हिरोच असणार.

मी सत्तूर घेऊन पुढे गेले. सगळे थांबले. मी डंबेलला म्हणाले, मामाला सोडायला सांग. माझ्या मते मी गरजले. आई म्हणते, ओठ हलत होते फक्त. डंबेल म्हणाला, काय? मी सत्तूर उगारला. नुसता घाबरवायला. पण मुठीचं फडकं घामाने भिजलं होतं आणि हात थरथरत होता, आणि सत्तूर सुटला. डंबेलच्या कानाजवळून गेला आणि त्याच्यामागे दाराच्या चौकटीत रुतला. त्या चौकटीला टेकून एक लहान मुलगी उभी होती, आईची ओढणी धरून. तिच्या डोक्यावर वीतभर.

पुढचं मला माहीत नाही. मी तिथेच पडले.

आई म्हणते, ओठ पांढरे, नाडी लागेना. मामीने आईच्या पिशवीतून इंजेक्शन काढलं. मामाने सुई हातात घेतली, आणि हात असा हलायला लागला की सुई खाली पडायची. म्हणाला, ही पोर आहे माझी, हिच्या अंगात मी कसं टोचू. आणि मटकन बसला. मग हिरोने सुई घेतली. केस सारखे केले नाहीत. माझ्या पँटवरूनच मांडीत, धर, टोच, दाब, काढ. सगळी रांग बघत होती. मग डंबेलने मला उचललं, खांद्यावर टाकलं आणि गाडी मिळेपर्यंत तसाच पळत सुटला.

म्हणजे शेवटी माझं ऐकलंच की त्याने. मामाची कॉलर सुटली.

५ एप्रिल, शनिवार

मॅडम आल्या. खुर्ची ओढून बसल्या. ओरडतील वाटलं होतं, ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, थायरॉईडची दुप्पट घेतलीस त्यामुळे शरीर उरलंसुरलं स्टेरॉईड भराभर संपवत होतं, आणि नेमकी तीच गोळी तू बंद केलीस. तुझ्या शरीरात ते बनत नाही, बाळा. ही गोळी म्हणजे जिमवाल्यांची चैन नाही, तुझ्या शरीरात जे नाही ते आपण वरून देतोय. थोडा उशीर झाला असता तर मी इथे रिकाम्या कॉटसमोर बसले असते.

आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मग मॅडम म्हणाल्या, चेहरा फुगलाय त्याचं मला सांगायचं होतंस, डोस हळूहळू बसवता येतो. पण सांगायला तोंड उघडावं लागतं.

मी तोंड उघडलं. मॅडमशी पहिल्यांदाच. विचारलं, मग ती ताकद कोणाची होती, गोळीची की माझी?

मॅडम म्हणाल्या, ताकद नव्हती ती. हात थरथरत होते, छाती धडधडत होती, झोप नव्हती, अंगाची आग होत होती. विषबाधा होती ती.

म्हटलं, बर्फवालासुद्धा?

त्यांना काही कळलं नाही. कळलं नाही तेच बरं.

११ एप्रिल, शुक्रवार

घरी. थायरॉईडची एक. स्टेरॉईडची सकाळ-दुपार, आई समोर बसून गिळायला लावते, मग तोंड उघडून दाखवायला लावते. एकदा मी तिच्या बोटाला चावले. सवयीने. तिने थोबाडीत दिली. मग दोघी रडलो. मग तिने मला मीठ घालून ताक दिलं.

राग शोधतेय. सकाळी उठून हिरोबद्दल वाईट वाईट विचार केले, काहीच पेटत नाही. उशीतून आवाज येत नाही.

हिरो बघायला आला होता. दारातच उभा. म्हणाला, मांडी दुखते का ताई? तोच आवाज, तंगड्यांना विचारायचा तो. मी उशी फेकली. मधेच पडली.

पण दुकान सावरलंय. रांगेने डोळ्यांनी बघितलं ना, सुई कशासाठी होती ते. डंबेलनेच गावभर सांगितलं. त्याने फ्रीजची काचही बसवून दिली. लाथ त्याच्याच मित्राची होती म्हणे.

निश्चय: सोमवारी कामावर. सत्तूर माझ्याच हातात राहणार.

१४ एप्रिल, सोमवार

राहिला नाही.

मामाने सत्तूर चौकटीतून काढून हिरोला दिलाय. म्हणाला, याचा हात स्थिर आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मामाला म्हणणार होते की तो आळशी आहे, त्याला घाव बसत नाही, तुकडे खराब करेल. मामाने आधीच सांगितलं, पोरी, त्या लहान मुलीची आई अजून आपल्याकडे येत नाही. रोज रस्ता बदलून जाते. मी बघतो.

मग मी माझं फडकं उचललं आणि चप्पल शोधायला लागले.

घरी पाठवणार वाटलं. तर म्हणाला, काउंटर रिकामं आहे, तिथे उभी राहा.

काउंटरवर!! माणसांशी बोलायला!! ह्यापेक्षा मला कापून विकलं असतं तरी चाललं असतं. मामाला वाटतं त्याने दया केली. मामीला कळलं असणार, तिने मला पाणी आणून दिलं.

२७ एप्रिल, रविवार

रांग होती. हळू विचारते, काय देऊ. गिऱ्हाईक म्हणतं, काय? परत विचारते. मागे हिरो तोडतोय, वाईट तोडतोय, पण तोडतोय. स्टेरॉईडची दुपारची गोळी मी स्वतःहून घेतली, आई इथे नाही तरी. मॅडमना फोन करून पायाला सूज येते तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, जरा मोठ्याने बोल. सांगितलं. त्यांनी डोस थोडा बदलला.

मग एक माणूस रांग मोडून पुढे घुसला. गेल्या महिन्यात मी त्याचं काय केलं असतं ते लिहीत नाही. मी म्हणाले, रांगेत या. त्याला ऐकू गेलं नाही. परत म्हणाले. तो म्हणाला, काही म्हणालीस का गं? हात बघितला. अजिबात थरथरत नव्हता. तिसऱ्यांदा म्हणाले, रांगेत या काका. तो म्हणाला, अगं मी रांगेतच होतो, पिशवी विसरली म्हणून गाडीपर्यंत गेलो होतो. मागचे सगळे म्हणाले, हो हो, होता तो.

माफी मागितली. मोठ्याने. ती मात्र सगळ्यांना ऐकू गेली.

काउंटरवर उभं राहिलं की गावातलं सगळं कानावर येतं. आत्ताच कळलं, समोरच्या सलूनवाल्याने गुपचूप लग्न केलं. तेही पलीकडच्या सलूनवाल्याच्या बहिणीशी.